साठ दिवसांचा प्रश्न : रोजगार हमी आणि शहाद्याचा अनुभव

(शहादा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा संमत केला. २००५ च्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणण्यात आला. गांधीजींचे नाव वगळले गेले आणि कामाचे दिवस शंभरावरून एकशे पंचवीस झाले, हे दोन मुद्दे त्यावरील चर्चेत ठळकपणे पुढे आले. दोहोंचेही महत्त्व आहे. परंतु शेतमजुराच्या दृष्टीने याहून गंभीर अशी एक तरतूद त्या कायद्यात आहे. पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवस या कायद्याखालील कामे बंद राहतील आणि ते दिवस कोणते, हे राज्य सरकारने आगाऊ जाहीर करावयाचे आहे.

हंगामात शेतीला मजूर मिळत नाहीत, तेव्हा सरकारने त्या काळात मजूर अडवून ठेवू नयेत, असे या तरतुदीचे समर्थन केले जाते. वरवर पाहता ते रास्त वाटते. हंगामात शेतात काम असतेच, मग त्या दिवसांत हमी हवी कशाला, असा प्रश्न चळवळीशी सहानुभूती असलेली माणसेही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. पण ते त्याहून स्पष्टपणे शहादा तालुक्याच्या गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांच्या इतिहासात सापडते.

जमीन आणि सालदारकी

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेला हा तालुका काळ्याभोर जमिनीचा आहे. या जमिनीचा मोठा भाग एकेकाळी भिल्ल आदिवासींच्या वहिवाटीत होता. तो त्यांच्या हातून कसा गेला, याची रीत ठरलेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर खाण्याला आणि बियाण्याला धान्य उसने घ्यावयाचे, त्यापोटी गहाणखत अथवा मुदतखरेदीच्या कागदावर अंगठा उठवावयाचा, मुदत टळली की जमीन सावकाराची अथवा शेजारच्या धनिक शेतकऱ्याची व्हावयाची. काही ठिकाणी सातबाऱ्यावर नाव आदिवासीचे आणि पीक दुसऱ्याचे, असाही प्रकार होता. पुढे विहिरी, उपसा सिंचन, सहकारी पतपुरवठा आणि साखर कारखाना आला. जमिनीची किंमत वाढली आणि ती परत मिळण्याची आशा त्याच प्रमाणात मावळली.

जमीन गेलेला माणूस त्याच जमिनीवर सालदार म्हणून राहिला. खानदेशात सालदाराचे नवे वर्ष आखाजीला सुरू होते. त्या दिवशी उचल घ्यावयाची आणि वर्षभर दिवस-रात्र मालकाच्या शेतात, गोठ्यात, पाण्याच्या पाळीवर राबावयाचे. उचल फिटली नाही तर पुढची आखाजीही त्याच दारात. सालदारकी हा करार आहे असे कायद्याची भाषा म्हणेल. पण ज्या करारातील एका पक्षाला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही, त्याला करार म्हणणे म्हणजे शब्दांचा दुरुपयोग करणे होय. मजुरीचा दर शेतीच्या उत्पन्नावर ठरत नव्हता, पिकाच्या भावावरही ठरत नव्हता. मजुरापुढे दुसरा कोणताही मार्ग नाही, या एका गोष्टीवर तो ठरत होता.

१९७२ मध्ये काय बदलले

मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्य मागावयास गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्या घटनेने महाराष्ट्राचे लक्ष या तालुक्याकडे वेधले. अंबरसिंग सुरतवंती हा पाडळद्याचा भिल्ल तरुण आणि सर्वोदयी कार्यकर्ता त्यापूर्वीपासून आपल्या समाजात काम करीत होता. ग्राम स्वराज्य समिती स्थापन झाली आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण आणि स्थानिक आदिवासी कार्यकर्ते यांच्या एकत्र येण्यातून त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अभियंत्याची वाट सोडून आलेले कुमार शिराळकर आणि पुढे कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले वाहरू सोनवणे ही त्यांतील दोन नावे. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले, शिराळकरांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नांचे मात्र निधन झालेले नाही.

या चळवळीने जमीन परत मागितली, सालदाराचे वेतन वाढवून मागितले, स्त्री-पुरुषांना न्याय्य मजुरी मागितली. बागायतदारांनी पीक संरक्षण सोसायटी काढली, तिचे रखवालदार शेतांवर फिरू लागले आणि पिकाच्या चोरीच्या नावाखाली मजुरांना मारहाण होऊ लागली. स्त्रियांनी दारूच्या भट्ट्यांवर मोर्चे नेले, मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. मजुरीचा लढा घरातील अन्यायापर्यंत जाऊन पोचतो, हे इथल्या निरक्षर स्त्रियांनी दाखवून दिले. स्त्रीमुक्तीच्या चळवळीवर लिहिणाऱ्या विदुषींनी शहाद्याची दखल घेतली, ती याच कारणाने.

परंतु या सर्वांत एक गोष्ट अनेकदा नजरेआड होते. हा लढा ज्या वर्षी उभा राहिला ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते. दुष्काळात मजूर सर्वाधिक हतबल असतो. त्याने मालकाशी भांडण करावे, असा तो काळ नव्हे. तरीही भांडण झाले. याचे एक कारण संघटना हे होते. दुसरे कारण असे की त्याच काळात महाराष्ट्रात सरकारी कामे निघाली होती. मे १९७३ च्या सुमारास राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या, खडी फोडण्याच्या कामावर वेगवेगळ्या गावांचे मजूर एकत्र आले, एकाच दराने मजुरी घेऊ लागले आणि मालकाच्या दाराखेरीज आणखी एक दार असू शकते, हे त्यांना प्रथमच कळले. काम हवे, काम मिळेल आणि मिळाले नाही तर सरकारला जाब विचारता येईल, ही कल्पना दुष्काळी कामांवरच लोकांच्या मनात रुजली.

एका तडजोडीचा कायदा

रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९७२ मध्ये योजना निघाली, दुष्काळात मागे पडली, नंतर पुन्हा सुरू झाली. १९७५ च्या व्यवसाय कराने तिच्यासाठी शहरांतून पैसा उभा केला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढाला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. ते पंधरा दिवसांत देता आले नाही तर भत्ता देण्याची तरतूद झाली. भत्त्याची रक्कम होती दिवसाला एक रुपया! तरीही भारतात कामाचा हक्क कायद्यात उतरविणारे पहिले राज्य म्हणून महाराष्ट्राचे नाव झाले, आणि ते योग्यच आहे.

हा कायदा एकमताने कसा झाला, याचाही विचार केला पाहिजे. ज्या विधिमंडळात बागायतदारांच्या प्रतिनिधींचे प्राबल्य होते, त्या विधिमंडळाने शेतमजुराला कामाची हमी दिली, ती केवळ करुणेपोटी नव्हे. शहराच्या पैशाने खेड्यात रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग होणार होते आणि त्यांचा लाभ प्रामुख्याने जमीनधारकाला मिळणार होता. उन्हाळ्यात मजूर शहराकडे पळून न जाता गावातच राहणार होता. एका बाजूला दुष्काळाने आणि चळवळींनी आणलेला दबाव, दुसऱ्या बाजूला जमीनधारकाचा स्वार्थ, अशी ही तडजोड होती. शेतीच्या कामात अडथळा येऊ नये, ही काळजी तिच्यात पहिल्यापासून होती. तेव्हा साठ दिवसांची कल्पना आजची नाही. पूर्वी जो विचार परिपत्रकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या तारतम्याच्या आधाराने चालत होता, तो आता कायद्याच्या कलमात येऊन बसला आहे, एवढाच फरक. हा फरक मात्र लहान नव्हे. परिपत्रकाविरुद्ध कायद्याचा आधार घेऊन भांडता येते, कायद्याविरुद्ध कशाच्या आधाराने भांडणार?

जमिनीच्या बाबतीतही याच काळात असेच घडले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. जिथे संघटना होती तिथे या कायद्याने माणूस आपल्या शेतात पुन्हा उभा राहिला. जिथे ती नव्हती तिथे आदेश निघाला तरी नांगर त्याच मालकाचा चालत राहिला. हक्क कायद्याने मिळतो, ताबा संघटनेने मिळतो, हे या तालुक्याला निराळे सांगावयास नको.

हमी झिजते कशी

हमी रद्द करण्याची गरज सहसा पडत नाही. ती झिजविता येते. १९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले आणि त्यामुळे रोजगार हमीचा दरही वाढला. मजुरी वाढल्यावर कामावर येणाऱ्यांची संख्या वाढावयास हवी होती. ती घटली. लोकांना काम नकोसे झाले असे नव्हे. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कामे काढण्यात हात आखडता घेण्यात आला, असा या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. हमी कागदावर तशीच राहिली, फक्त गावाजवळ काम निघेनासे झाले.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने महाराष्ट्राचा प्रयोग देशभर नेला. २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या दोनशे जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला, त्यांत नंदुरबार होता. परंतु या कायद्याने मजुरीचा दर राज्याच्या किमान वेतनापासून अलग केला आणि तो ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्यानंतर यंत्रांची पाळी आली. १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईलवरील छायाचित्राने घेणे सक्तीचे झाले, १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार-आधारित पद्धतीनेच देण्याचे बंधन आले. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात वाटले गेले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. गरिबाला ओळख देण्यासाठी आलेली ती यंत्रणा पुढे त्याच्या मजुरीपुढची चाळणी झाली. ठसा उमटला नाही, नावातील एक अक्षर जुळले नाही, डोंगरात मोबाईलला संपर्क मिळाला नाही, की केलेल्या कामाचा पैसा अडकतो. बोगस हजेरीपटांना आळा घालणे आवश्यक होते, यात वाद नाही. पण बोगस हजेरीपट मजूर लिहीत नव्हता, आणि शिक्षा मात्र त्यालाच होते.

साठ दिवसांचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. हंगामात शेतात काम असतेच, मग हमी कशाला?

समजा, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत एखादा बागायतदार दोनशे रुपये रोज देऊ करतो. गावाशेजारी तीनशे बारा रुपयांचे सरकारी काम चालू आहे. त्या कामावर गावातील दहाच मजूर गेले, तरी उरलेल्या नव्वदांना दोनशे रुपयांत राबविणे मालकाला अवघड होते. किंबहुना एकही मजूर गेला नाही आणि काम केवळ मागता येण्याजोगे असले, तरीसुद्धा बोलणी बदलतात. हमीचा लाभ हजेरीपटावरील नावांपुरता नसतो. जे त्या कामावर कधीच गेले नाहीत, त्यांच्याही मजुरीला ती खालून आधार देते. म्हणून हंगामात त्या कामावर कोणी फिरकत नाही, तेव्हा ते बंद केले तरी चालेल, हा युक्तिवाद फसवा आहे.

दुसरी गोष्ट अशी की हंगाम हाच मजुराच्या बळाचा काळ असतो. वर्षातील इतर महिन्यांत मजूर काम शोधतो. या काही आठवड्यांत काम मजुराला शोधते. वर्षभराची तूट थोडीफार भरून काढण्याची, सालदारीचा दर वाढवून मागण्याची, स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न काढण्याची संधी याच आठवड्यांत असते. नेमके तेच साठ दिवस निवडून दुसरे दार बंद करणे म्हणजे सरकारने बाजाराच्या सौद्यात एका पक्षाच्या बाजूने उभे राहणे होय. ज्या राज्यकर्त्यांना मुक्त बाजाराचे एवढे प्रेम आहे, त्यांनी मजुराचा भाव चढू लागताच बाजार आवरावा, हा योगायोग नाही.

त्यातही डोंगर आणि सपाटी यांचा हंगाम एक नाही. शहाद्याच्या बागायतीत कापूस, ऊस, केळी, पपई यांमुळे काम बरेच महिने चालते. वरच्या अक्राणी तालुक्यात पावसाच्या पिकावर घर चालते आणि पीक निघाले की कुटुंबे खाली उतरतात. कितीएक जण कोयता घेऊन गुजरातमधील साखर कारखान्यांच्या उसावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, म्हणजे ज्या दिवसांत घरात धान्य नसते त्याच दिवसांत. मुकादमाच्या उचलीशी स्पर्धा करू शकेल अशी एकच गोष्ट आहे : गावात वेळेवर निघालेले आणि पंधरा दिवसांत मजुरी देणारे काम. ते बंद झाले की आखाजीच्या सालदारकीची जागा उसाच्या फडातील उचल घेते. मालक बदलतो, परावलंबन तेच राहते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या अहवालात जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक गरीब ठरले होते आणि महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वाधिक होते. अशा जिल्ह्यात साठ दिवसांची बंदी ही केवळ हिशेबाची बाब राहत नाही.

लहान शेतकऱ्याचे काय

येथे एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. मजुरी वाढली की चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडते. कापसाला भाव नाही, खते-औषधे महाग, त्यात मजूर मिळत नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. समाजवादी कार्यकर्त्याने ती उडवून लावता कामा नये. तथापि शेतमालाला न मिळालेला भाव मजुराच्या ताटातून वसूल करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. रोजगार हमीची कामे आदिवासींच्या, अल्पभूधारकांच्या स्वतःच्या शेतात विहीर, बांधबंदिस्ती, फळझाडे यांसाठी करता येतात. महाराष्ट्राने १९९० पासून फळबाग लागवडीला हमीची जोड दिली, तो अनुभव पाठीशी आहे. दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी स्वतःच वर्षातील काही महिने मजूर असतो. हमीच्या कामावर त्याचेही नाव असते. त्याचे हित मजुराच्या हिताविरुद्ध आहे, हे त्याला पटवून देण्यात ज्यांचा फायदा आहे, ते दोन-तीन एकरांचे शेतकरी नाहीत.

महाराष्ट्राने काय करावे

नव्या कायद्याने मजुरीचा भार केंद्र आणि राज्य यांत साठ-चाळीस असा वाटला आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा खर्च केंद्र उचलीत असे. शिवाय केंद्राने ठरविलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याच्या माथी येणार आहे. मागणी येईल तेवढे काम, या तत्त्वाच्या जागी ठरेल तेवढे काम, असे तत्त्व आले आहे. त्यामुळे कामे कमी काढण्याचा मोह राज्य सरकारला होणार, हे उघड आहे. मुंबईत बसलेले सरकार दिल्लीकडे बोट दाखवील. परंतु महाराष्ट्राला हे बोट दाखविण्याचा अधिकार नाही, कारण महाराष्ट्राजवळ स्वतःचा १९७७ चा कायदा आहे. केंद्राचा कायदा आल्यावरही राज्याने तो मोडीत काढला नव्हता. त्यात दुरुस्त्या करून तो चालू ठेवला आणि शंभर दिवसांपलीकडील कामाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. केंद्राच्या कायद्याखाली जे साठ दिवस कामे बंद राहतील, त्या दिवसांत राज्याच्या स्वतःच्या हमीखाली कामे चालू ठेवावीत, ही पहिली मागणी असली पाहिजे. ज्या राज्याने देशाला हमी शिकविली, त्याच्याकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी नाही.

दुसरी मागणी तारखांची. हे साठ दिवस ठरविताना जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत यांनुसार फरक करण्याची मुभा राज्याला आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहादा व नंदुरबार यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. आपल्या गावात कामे केव्हा हवीत, याचा ठराव ग्रामसभांनी आधी करावा आणि तो तहसीलदार व जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवून त्याची पोच घ्यावी. तारखा मंत्रालयात ठरून आल्या, तर त्या बागायतदाराच्या सोयीने ठरतील.

तिसरी गोष्ट संघटनेच्या रोजच्या कामाची. काम तोंडी मागू नये, अर्जावर मागावे आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. पोच नसेल तर मागणी झालीच नाही, असे सरकार म्हणते आणि मागणीच नाही म्हणून कामे निघाली नाहीत, असा अहवाल वर जातो. ज्यांची मजुरी ठशापायी अथवा नावातील चुकीपायी अडकली आहे, त्यांच्या गाववार याद्या कार्यकर्त्यांनी कराव्यात. या कामात स्त्रियांना पुढे ठेवावे. मजुरी, रेशन आणि दारू हे तीन प्रश्न एकाच घरात कसे गुंतलेले असतात, हे त्यांना व्याख्यानातून शिकवावे लागत नाही.

१९७२ मध्ये भूमुक्ती मेळाव्याला आलेल्या सालदारांकडे ना कायदा होता, ना पोचपावती, ना ग्रामसभेचा अधिकार. आज ही साधने हाती आहेत आणि ती एकेक करून बोथट केली जात आहेत. राज्य सरकारने तारखा जाहीर करण्यापूर्वी तालुक्यातील प्रत्येक पाड्यावर या प्रश्नाची चर्चा झाली पाहिजे आणि येत्या हंगामात काम मागणारा पहिला अर्ज शहादा तालुक्यातून गेला पाहिजे.